चौकातला धूर ३० टक्क्यांनी कमी होईल का? आधी चौकट केवढी ते सांगा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सोलापुरात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहात. विजापूर रस्त्यावरचा घराजवळचा एक सिग्नल प्रोजेक्टला घेतलाय, तिथे सकाळ-संध्याकाळ तीन-तीन मिनिटं उभं राहावं लागतं. सुमो हे मोफत सॉफ्टवेअर वापरून चौक कॉम्प्युटरवर उभा केला, सिग्नलच्या वेळा बदलून बघितल्या, तर कार्बन डायऑक्साइड ११ टक्के कमी झाला. तुमचे सर म्हणतात, ३० टक्के तरी दिसायला हवा, नाहीतर प्रोजेक्टला वजन नाही. म्हणून तुम्ही विचारताय की व्हिसिमसारखं महागडं सॉफ्टवेअर मिळवलं तर आकडा वाढेल का.

वाढेलही. पण त्यासाठी व्हिसिम कशाला हवं? तुमच्याच फाइलमधून मी तासाभरात ३० च्या आसपासचा आकडा काढून देतो, तोही एक अक्षर खोटं न लिहिता. कसा ते सांगतो, आणि ते वाचल्यावर तुम्हालाच तो आकडा नकोसा होईल असं वाटतं. वीसेक वर्षं हेच काम करतोय, राहायला जुळे सोलापुरात आहे, त्यामुळे विजापूर रस्त्याशी माझं वैर तुमच्यापेक्षा जुनं आहे.

कागदावर हिशेब मांडू. आकडे सोयीचे घेतो, तुमच्या मोजणीचे घालून परत करा. समजा चौकातून तासाला ३,००० वाहनं जातात आणि प्रत्येकाचा सरासरी ९० सेकंद खोळंबा होतो. म्हणजे तासाला ७५ वाहन-तास नुसते उभं राहण्यात जातात. आपल्याकडे दुचाकी जास्त, म्हणून उभ्या इंजिनचं पेट्रोल सरासरी तासाला ०.३ लिटर धरू. साडेबावीस लिटर झाले. आता सिग्नल सुधारून खोळंबा ९० वरून ५० सेकंदांवर आणला, तर तासाला १० लिटर वाचतात. आकडा पक्का: १० लिटर.

आता टक्के काढू. टक्के काढायला खाली भाजक लागतो, आणि भाजक ठरतो चौकट कुठे आखली त्यावर. चौकाच्या अलीकडे १०० मीटर आणि पलीकडे १०० मीटर एवढंच नकाशात घेतलं, तर ३,००० वाहनं मिळून ६०० किलोमीटर चालतात. लिटरला सरासरी ३५ किलोमीटर धरले तर १७ लिटर. त्यात उभं राहण्याचे साडेबावीस मिळवा, साधारण ४० लिटर. चाळीसातले १० वाचले, म्हणजे २५ टक्के. चौकट दोन्हीकडे एकेक किलोमीटर केली की चालण्याचेच १७१ लिटर होतात, एकूण १९३ च्या पुढे. तेच १० लिटर आता ५ टक्के झाले. चौकट ५० मीटरवर आणली तर ३० च्या वर जाता येतं. सर खूश, बाहेरून आलेले परीक्षकही खूश, आणि चौकातला धूर जेवढा होता तेवढाच.

म्हणून अहवालात टक्के लिहू नका असं मी म्हणत नाही. टक्क्यांच्या शेजारी लिटर किंवा किलो लिहा, आणि चौकट किती मीटरची ते त्याच ओळीत लिहा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. १० लिटर म्हणजे तासाला २३ किलो, गर्दीचे सहा तास धरले तर दिवसाला १३८ किलो. हा आकडा चौकटीने फुगत नाही.

दुसरी गोष्ट, 'प्रदूषण' म्हणजे नेमकं काय कमी करायचंय? तुमच्या प्रश्नात एका ओळीत कार्बन डायऑक्साइड आहे आणि पुढच्याच ओळीत 'सोलापूरची हवा'. हे दोन वेगळे विषय आहेत. सोलापूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, पण तिथली चिंता धूलिकणांची आहे. २०१९ मध्ये कार्यक्रम सुरू झाला तेव्हा २०१७ च्या तुलनेत २० ते ३० टक्के घट हे लक्ष्य होतं, पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के केलं. आता आपल्या रस्त्याच्या कडेची माती बघा. खोदून अर्धवट बुजवलेले चर, फूटपाथच्या कडेला साचलेला फुफाटा, उघड्या ट्रॉलीतून सांडलेली वाळू. ही धूळ गाडीच्या नळीतून येत नाही, चाकाखालून उठते. सुमो नळीतून निघालेलं मोजतं. म्हणजे तुमचं मॉडेल कितीही चांगलं जमलं तरी मोठ्या धूलिकणांच्या मोठ्या हिश्श्याबद्दल ते गप्प आहे. शिवाय गंमत अशी की वाहनं अडकून राहण्याऐवजी वेगात धावू लागली तर कडेची धूळ जास्त उडू शकते. त्यावर सिग्नलचा उपाय चालत नाही. पक्क्या कडा करायच्या आणि झाडलोट करायची. तेव्हा प्रोजेक्टच्या नावात 'हवा' घालू नका, इंधन आणि कार्बन डायऑक्साइड एवढंच ठेवा.

आता डेटा. तुम्ही लिहिलंय की वाहनसंख्या 'जुन्या एका अहवालातून घेतली'. इथे माझा तुमच्यावर राग आहे. सॉफ्टवेअरवर चार महिने घालवणारा विद्यार्थी चौकात चार तास उभा राहत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

मोजणी कशी करायची? कोपऱ्यावरच्या इमारतीत ओळख काढा, गच्चीवर मोबाइल बांधा आणि सकाळी साडेआठ ते साडेदहा, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात असं चित्रीकरण करा. मंगळवार किंवा बुधवार घ्या, आणि पडताळणीसाठी गुरुवार वेगळा ठेवा. घरी बसून पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यात, कोण कुठून आलं आणि कुठे वळलं, ते वाहनाच्या प्रकारानुसार मोजा. कंटाळवाणं आहे. दोन मित्र आणि भरपूर शेंगा-चटणी-भाकरी लागते. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत मोजू नका, त्या वेळी निम्मं शहर होम मैदानाकडे वळलेलं असतं. शाळांना सुट्टी असताना मोजू नका. आणि उसाचा हंगाम चालू आहे की नाही ते अहवालात स्पष्ट लिहा, कारण दोन ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर अख्खा हिरवा दिवा खाऊन टाकतो.

वाहनांचं वजन, म्हणजे एक वाहन किती कारएवढं मोजायचं ते, धरतानाही जपा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शिकेत, आयआरसी १०६ मध्ये, कारला १ धरून बाकीच्यांना गुणांक दिलेत: ट्रॅक्टर-ट्रॉलीला ४ ते ५, बस-ट्रकला २.२ ते ३.७, दुचाकीला ०.५, आणि दुचाकींचं प्रमाण १० टक्के किंवा जास्त असेल तर ०.७५. आपल्या चौकात दुचाकी सत्तर टक्के असतील तर सगळ्यांना ०.७५ लावून बघा, कागदावर चौक कोलमडतो. प्रत्यक्षात सिग्नलला दुचाक्या गाड्यांच्या फटींतून पुढे येऊन थांबारेषेवर चटईसारख्या पसरतात आणि हिरवा लागला की पहिल्या सात-आठ सेकंदांत साफ निघून जातात. सिग्नलवर त्यांचा भार बराच कमी असतो. २०१७ चं इंडो-एचसीएम हे रस्त्यांच्या क्षमतेचं हस्तपुस्तक भारतीय रस्त्यांवरच्या मोजणीवरून केलेलं आहे, सिग्नलसाठी त्यातले आकडे घ्या.

सुमोचा मूळ स्वभाव असा की एका लेनमध्ये एकामागे एक गाडी. जर्मनीच्या अवकाश आणि विमानविद्या संस्थेने, डीएलआरने, ते बनवलंय, आणि तिथे लोक लेनमध्ये चालतात. आपल्याकडच्यासाठी त्यात सबलेन नावाची सोय आहे. लेनची रुंदी लहान पट्ट्यांत विभागली की दुचाकी गाडीच्या बाजूने पुढे सरकू शकते. ती चालू केली नसेल तर तुमच्या मॉडेलमधल्या दुचाक्या कारच्या मागे शहाण्यासारख्या रांग लावून उभ्या असतील. ओपनस्ट्रीटमॅपवरून नकाशा आणताना डावीकडून चालण्याचा पर्याय द्यायला विसरला नाहीत ना, तेही तपासा. हसू नका, मी एका सादरीकरणात अर्धा तास बसून होतो आणि नंतर एकाच्या लक्षात आलं की पडद्यावरचं सोलापूर उजवीकडून चाललंय.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला कुठल्याही पुस्तकात मिळाली नव्हती. काही वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये आपल्याच शहरातल्या एका चौकाचं मॉडेल जुळवत होतो. सकाळची रांग मॉडेलमध्ये आणि रस्त्यावर बरोबर जुळायची, दुपारची जुळेना. रस्त्यावरची रांग मॉडेलपेक्षा लांब, आणि हिरवा लागल्यावर पहिल्या पाच-सहा सेकंदांत थांबारेषेवरून जवळजवळ कोणीच जात नव्हतं. गाड्यांमधलं अंतर बदलून बघितलं, प्रतिसादाचा वेळ बदलून बघितला, काही उपयोग नाही. शेवटी दुपारी दोनला जाऊन उभा राहिलो. थांबारेषेपासून वीसेक मीटर मागे एक कडुलिंब होता. बेचाळीस डिग्रीत सगळे दुचाकीवाले त्याच्या सावलीत थांबलेले, पुढचा रस्ता मोकळा, तिथे एक रिक्षा आणि एक कुत्रा. बरेच जण इंजिन बंद करून उभे. हिरवा लागला की किक मारा, वीस मीटर या आणि मग चौक ओलांडा. माझं सॉफ्टवेअर थांबारेषेला थांबारेषा समजत होतं, सोलापूरकर सावलीला. मी मॉडेलमध्ये दुपारपुरती थांबारेषा मागे घेतली आणि गाडं जुळलं. आणि उभ्या इंजिनचा धूरही कमी धरावा लागला, कारण इंजिनं बंदच होती. सिग्नलवर सावलीसाठी हिरवी जाळी बांधली की हा हिशेब पुन्हा बदलतो, तेही लक्षात ठेवा.

जुळलं म्हणजे किती जुळलं? त्यासाठी जीईएच नावाचं एक माप वापरतात. मॉडेलचा आकडा आणि मोजणीचा आकडा यांच्यातल्या फरकाचा वर्ग करा, दुप्पट करा, दोन्हींच्या बेरजेने भागा आणि वर्गमूळ घ्या. मोजले १,२०० आणि मॉडेलमध्ये १,१०० आले, तर उत्तर येतं साधारण २.९. ठीक आहे. मोजले २०० आणि मॉडेलमध्ये १०० आले, तर फरक तेवढाच शंभराचा, पण उत्तर ८.२. नापास. सर्वसाधारण रिवाज असा की ८५ टक्के ठिकाणी ५ पेक्षा कमी यायला हवं. पण नुसत्या संख्येवर समाधान मानू नका. खोळंबा आणि धूर रांगेतून येतो, म्हणून रांगेची लांबी जुळलीच पाहिजे. मंगळवारी जुळवलेलं मॉडेल हात न लावता गुरुवारच्या मोजणीवर चालवा. तिथे फसलं तर ते जुळलेलं नव्हतं, घोकलेलं होतं.

आता माझी स्वतःची फजिती, कारण तुमच्या ११ टक्क्यांतही तीच लपलेली असू शकते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका दुसऱ्या शहरात चौकाचं काम केलं होतं. सुधारित आराखड्यात खोळंबा निम्म्याने कमी. रंगीत आलेख, पडद्यावर पळणाऱ्या गाड्या, सगळं देखणं. बैठकीत मागे उभा असलेला ट्रॅफिकचा हवालदार म्हणाला, "साहेब, रांग पुलापर्यंत जाते. तुमच्या चित्रात पूल कुठं आहे?" पूल नव्हता. मी नकाशा पुलाच्या अलीकडेच कापला होता. रांग कापलेल्या टोकापर्यंत भरली की नवीन गाड्यांना आत यायला जागाच उरत नव्हती, त्या सॉफ्टवेअरच्या दारात ताटकळत होत्या. आत आल्याच नाहीत म्हणून त्यांचा खोळंबाही मोजला गेला नव्हता. माझी 'सुधारणा' म्हणजे गर्दी चित्राबाहेर ढकलणं होतं. त्या दिवसापासून मी आधी बाहेर ताटकळलेल्या गाड्यांची संख्या बघतो, मग आलेख.

सुमोमध्ये याचा एक चुलतभाऊ आहे. एखादी गाडी फार वेळ अडकली, मूळ मांडणीत ३०० सेकंद, तर सुमो तिला उचलून पुढे कुठेतरी नेऊन ठेवतं. याला टेलिपोर्ट म्हणतात. विजापूर रस्त्यावर अशी सोय असती तर आपण दोघं इथे लिहीत बसलो नसतो. मोठ्या नकाशावर कॉम्प्युटर अडकून पडू नये म्हणून ही तजवीज आहे, पण एका चौकाच्या अभ्यासात ती घात करते. तुमची कोंडी आपोआप सुटते आणि श्रेय सिग्नलला जातं.

शिवाय, एकदाच चालवून आकडा लिहू नका. गाड्या कधी येतील हे सॉफ्टवेअर फासे टाकून ठरवतं. वेगवेगळे बी-आकडे, म्हणजे सीड, देऊन निदान दहा वेळा चालवा. आधीची स्थिती आणि सुधारित स्थिती यांना तेच दहा सीड द्या आणि जोडीजोडीने फरक बघा. सुरुवातीची पंधरा मिनिटं सोडून द्या, कारण तेव्हा रस्ता रिकामा असतो. दहा फेऱ्यांत तुमची घट ४ ते १७ टक्क्यांत नाचत असेल तर '११ टक्के' असं लिहिण्यात अर्थ नाही, पट्टा लिहा.

धुराच्या आकड्याबद्दलही थोडं. ही सॉफ्टवेअरं दर सेकंदाला गाडीचा वेग आणि वेगवाढ बघून इंधन काढतात. सुमोतले गुणांक मुख्यतः एचबीईएफए या वाहनांच्या धुराच्या आकड्यांच्या युरोपीय संग्रहावरून आलेत. त्यात आपली तीनचाकी रिक्षा नाही. आणि गंमत म्हणजे मॉडेलमधली वेगवाढ ही खऱ्या माणसाची नसते, टक्कर होऊ नये म्हणून आखलेल्या समीकरणाची असते. हिरवा लागताच मॉडेलमधली गाडी जशी उसळते तसा आपल्याकडचा डबलसीट माणूस, मागे पोतं बांधून, उसळत नाही. म्हणून एकूण किती किलो धूर निघाला या आकड्यावर माझा फारसा भरवसा नसतो. आधी आणि नंतर यांतला फरक मात्र बऱ्यापैकी खरा येतो, कारण दोन्हीकडे चूक सारखीच असते. मोबाइल खिशात ठेवून जीपीएस चालू करा आणि त्याच रस्त्यावर पंचवीस-तीस फेऱ्या मारा. त्यातून खरी वेगवाढ काढून मॉडेलमध्ये घाला, एवढं केलंत तरी पुष्कळ सुधारेल. गुणांकांसाठी पुण्याच्या एआरएआय संस्थेने भारतीय वाहनांवर केलेली मोजणी बघा. ती धुराचे बीएस-६ नियम लागू होण्याच्या, म्हणजे १ एप्रिल २०२० च्या, आधीची आहे हे विसरू नका. रस्त्यावर दोन्ही प्रकारची वाहनं मिसळून आहेत.

हे सगळं सांगून झाल्यावर आता उलट बोलतो: तुमच्या निम्म्या प्रश्नाला सिम्युलेशन, म्हणजे कॉम्प्युटरवर चौक चालवून बघणं, लागतच नाही.

वेबस्टरचं १९५८ चं सूत्र तुमच्या अभ्यासक्रमात आहे. सिग्नलच्या पूर्ण फेरीची, म्हणजे सायकलची, योग्य लांबी काढायला हरवलेल्या, म्हणजे दिवा बदलताना वाया जाणाऱ्या, वेळेची दीडपट घ्या, त्यात ५ मिळवा आणि १ वजा भार यांनी भागा. भार म्हणजे प्रत्येक फेजला, म्हणजे हिरव्याच्या पाळीला, येणारी वाहनं भागिले सलग हिरवा असता तर निघू शकली असती ती वाहनं, आणि सगळ्या फेजची बेरीज. चार फेज, प्रत्येकी ४ सेकंद वाया, म्हणजे १६ सेकंद. वरचा आकडा २९. गर्दीत भार ०.७५ असेल तर २९ भागिले ०.२५, म्हणजे ११६ सेकंद. दुपारी दोनला भार ०.४ वर आला तर २९ भागिले ०.६, म्हणजे ४८ सेकंद. आता स्टॉपवॉच घेऊन जा आणि दुपारी दोनला तुमच्या चौकातली सायकल मोजा. ती सकाळच्या गर्दीएवढीच निघाली तर दिवसातले कितीतरी तास लोक रिकाम्या रस्त्याकडे बघत उभे आहेत. दिवसाचे तीन-चार वेगळे आराखडे लावणं एवढाच उपाय आहे, आणि तो कागदाच्या पाठीमागे सिद्ध होतो. सर्वात स्वस्त पेट्रोल बहुतेक वेळा इथेच वाचतं.

याच सूत्रात अजून एक पाहा. भार ०.९ ला पोहोचला तर सायकल २९० सेकंद येते. म्हणजे सूत्र सांगतंय की वेळा बदलून आता काही होणार नाही, भार कमी करा. भार कमी कसा होईल? थांबारेषेनंतर लगेच उभ्या असलेल्या शेअर रिक्षा पन्नास मीटर पुढे न्या, डावीकडचं वळण मोकळं ठेवा, कोपऱ्यावरची गाडी हलवा. याची तपासणी मात्र सूत्रात होत नाही. रिक्षा किती सेकंद थांबते आणि मागच्यांना वळसा घालायला जागा मिळते का, हे बघायला सिम्युलेशन खरंच कामाला येतं. तुमच्या जागी मी असतो तर प्रोजेक्टचा मुख्य प्रश्न हाच घेतला असता: सिग्नलच्या वेळा बदलणं आणि रिक्षाथांबा हलवणं, यांत कशाने जास्त लिटर वाचतात? माझ्या अनुभवात बऱ्याचदा थांबा जिंकतो, पण ते चौकाच्या रुंदीवर अवलंबून आहे. तुमच्या चौकाचं मी इथे बसून सांगू शकत नाही.

शेवटी तुम्ही सहज विचारलंय की सिटी बस वाढवल्या तर मॉडेलमध्ये ते कसं दाखवायचं. चौकाच्या मॉडेलमध्ये दाखवताच येणार नाही. माणूस दुचाकी सोडून बसमध्ये का बसेल, हा प्रश्न चौकाच्या वरच्या पातळीवरचा आहे. त्याला शहराचं मॉडेल लागतं: कुठून किती फेऱ्या निघतात, कुठे जातात, कशाने जातात, कुठल्या रस्त्याने जातात. त्यासाठी घरोघरी जाऊन विचारावं लागतं. पूर्व भागातून कारखान्यात विड्या द्यायला जाणारी बाई आणि जुळे सोलापुरातून दुचाकीवर नोकरीला जाणारा माणूस, दोघांचं उत्तर वेगळं येणार. कुंभारीच्या रे नगरसारखी हजारो घरांची वसाहत शहराबाहेर उभी राहिली की प्रवासाची लांबीच बदलते, आणि कुठल्याही चौकाचा सिग्नल त्याची भरपाई करत नाही.

तरीही एक ढोबळ हिशेब करून ठेवा, कारण बसबद्दल सगळे भावनेच्या भरात बोलतात. डिझेल बस दिवसाला २०० किलोमीटर धावली, लिटरला ४ किलोमीटर दिले, तर ५० लिटर. डिझेलचा लिटरला २.६८ किलो धरला तर १३४ किलो कार्बन डायऑक्साइड. आता त्या बसमध्ये दिवसभरात ४०० प्रवासी बसले, सगळे एकेकटे दुचाकीवरून आलेले, प्रत्येकी ६ किलोमीटर, लिटरला ४५. वाचले ५३ लिटर पेट्रोल, म्हणजे १२३ किलो. बस तोट्यात! ८०० प्रवासी बसले तर १११ किलोंचा फायदा. आणि प्रत्यक्षात सगळे दुचाकीवरून येत नाहीत, बरेचसे शेअर रिक्षातून किंवा चालत येणारे असतात, म्हणजे फायदा आणखी कमी. विजेची बस शहरातला धूर काढून टाकते हे नक्की, पण आपल्याकडची बरीच वीज कोळशाची आहे. किलोमीटरला साधारण एक युनिट धरलं तर कार्बनचा हिशेब डिझेलच्या आसपासच येतो. फताटेवाडीच्या १,३२० मेगावॉटच्या कोळशाच्या वीजप्रकल्पाच्या चिमण्या होटगीच्या बाजूने जाताना दिसतात, तेव्हा मला हा हिशेब आठवतो. बस आणू नका असा याचा अर्थ घेऊ नका. बस भरली पाहिजे, आणि भरायची तर ती वेळेवर आली पाहिजे. दर दहा मिनिटांनी येणारी बस आणि कधीतरी येणारी बस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तुमच्याकडे चार महिने आणि एक लॅपटॉप आहे. पहिला महिना फक्त मोजणी, स्टॉपवॉच आणि वेबस्टर. दुसऱ्यात मॉडेल जुळवा, रांगेवर. तिसऱ्यात दोनच पर्याय तपासा, तीन नकोत: वेळा बदलणं आणि रिक्षाथांबा हलवणं. चौथा लिहायला. सरांना ३० टक्के हवेच असतील तर वरचा चौकटीचा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा, १०० मीटरला किती आणि एक किलोमीटरला किती. बहुतेक सरांना तो आवडेल, आणि परीक्षकांनी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर असेल.

पण त्याआधी आज रात्री एक करा. तुमच्या त्या ११ टक्क्यांच्या फेरीची नोंद उघडा. किती गाड्या टेलिपोर्ट झाल्या आणि शेवटी किती गाड्या आत यायच्या बाकी होत्या, हे दोन आकडे इथे लिहा. आधीच्या आणि सुधारित, दोन्ही फेऱ्यांचे. मग पुढचं बोलू.